आयएसओ फाईलवरून बूट होणारी डीव्हीडी कशी बनवायची? जुना कॉम्प्युटर फॉरमॅटला देण्याआधी हे वाचा

वाशिंद (वार्ताहर) : "डीव्हीडी मारली, सीडीत फाईल पण दिसतेय, मग कॉम्प्युटर चालू का नाय होत?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला वाशिंदच्या नाक्यावर, शहापूरला तहसीलच्या बाहेर आणि मुरबाडकडच्या पाहुण्यांकडून फोनवर इतक्या वेळा आला की म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकू. भात झोडून झालंय, थोडी सवड आहे.

हा प्रश्न आत्ताच एवढा का येतोय, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण पुढे काय, हा प्रश्न उरतोच. आता विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्याकडं पोराच्या बारावीला घेतलेला, नाहीतर पुतण्याने कल्याणहून जुना आणलेला कॉम्प्युटर असतो. त्यात हे कुठून येणार? मग माणूस मशीन उचलतो, दुकानात नेतो आणि सांगतो, "फॉरमॅट मारून द्या."

हेच मी पण एकदा केलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुराचे फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते. त्या पुरात खडवलीजवळच्या जू-नांदखुरीतून लोकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. आमच्या खाचरात गाळ बसला त्याचे फोटो, पंचनाम्याचे कागद, वडिलांचे शेवटचे दोन फोटो, सगळं एकाच ठिकाणी. नंतर विंडोज उठेना. दुकानदाराने विचारलं, "काही महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं, "डी ड्राइव्हला आहे, तिकडं हात लावू नका." संध्याकाळी मशीन चकाचक होऊन आलं, नवीन वॉलपेपर, सगळं काही. डी ड्राइव्ह नव्हताच. पोराने सगळे भाग पुसून एकच मोठा सी ड्राइव्ह केला होता. त्याच्यावर राग काढून काय उपयोग? त्या वेळी माझ्याकडं एक बूट होणारी डिस्क असती, तर दुकानात जायच्या आधी घरीच सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेता आले असते. विंडोज उठत नव्हती, पण हार्डडिस्क तर जिवंत होती.

आयएसओ म्हणजे नक्की काय

इंटरनेटवरून ऑपरेटिंग सिस्टीम डाऊनलोड केली की एकच मोठी फाईल मिळते. तिच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असतं. हे नाव आलं आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकावरून. सीडीवर फाईल कशा मांडायच्या ते या मानकात ठरवून दिलंय. आयएसओ फाईल म्हणजे साधी फाईल नव्हे. अख्ख्या डिस्कचा तो पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंतचा हुबेहूब ठसा असतो. म्हणून तिला इमेज म्हणतात.

भाताचं पोतं शिवलेलंच नेऊन खाचरात ठेवलं तर रोप उगवतं का? पोतं फोडून दाणा पेरावा लागतो. आयएसओ फाईल कॉपी करून डीव्हीडीवर पेस्ट करणं म्हणजे शिवलेलं पोतं शेतात ठेवणं. डिस्कवर फाईल दिसते, तिचं वजनही बरोबर असतं, पण कॉम्प्युटरला ती उघडता येत नाही. कारण तो चालू होतो तेव्हा फाईल वगैरे त्याला काही कळत नसतं.

त्याला काय कळतं? बटण दाबलं की मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेक जागा बघतो, हार्डडिस्क, डीव्हीडी, पेनड्राइव्ह. डीव्हीडी असेल तर १७ व्या सेक्टरमधली एक खूण वाचतो. एक सेक्टर म्हणजे २०४८ बाइट. तिथं "बूट करायचा कार्यक्रम अमुक जागी आहे" असा पत्ता लिहिलेला असतो. ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ साली ठरवली. तिचं नाव 'एल टोरिटो'. इमेज व्यवस्थित जाळली तर ही खूण जागच्या जागी बसते. फाईल नुसती कॉपी केली तर १७ व्या सेक्टरमध्ये असलं काही नसतं, मग बायोस पुढच्या जागेकडं जातो आणि तुमची तीच बिघडलेली विंडोज परत समोर येते.

दुसरी एक चूक यापेक्षा फसवी आहे. विंडोज १० मध्ये आयएसओ फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती खोट्या डीव्हीडीसारखी उघडते आणि आतले फोल्डर दिसतात. काहीजण ते सगळे फोल्डर निवडून कोऱ्या डिस्कवर टाकतात. आता डिस्क उघडली तर सगळं बरोबर वाटतं, पण ती पण बूट होत नाही. फोल्डर आले, १७ व्या सेक्टरमधला पत्ता आला नाही. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी अशा चार डिस्क वाया घालवल्या आणि दोष दिला डीव्हीडीच्या कंपनीला.

डिस्क की पेनड्राइव्ह?

सरळ सांगतो. तुमचा कॉम्प्युटर गेल्या दहा-बारा वर्षांतला असेल आणि पेनड्राइव्हवरून बूट होत असेल, तर पेनड्राइव्हच वापरा, पटकन काम होतं. त्यासाठी विंडोजमध्ये रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. घरात दुसरा कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवरून पण जमतं. एचड्रॉइड नावाचं ॲप ओटीजी केबलने जोडलेल्या पेनड्राइव्हवर लिनक्सची इमेज लिहितं, विंडोजची नाही. दोन्ही प्रकारात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

मग डीव्हीडी कशाला? एक म्हणजे जुनी मशीनं. काही जुने बायोस पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीत, आणि आपल्याकडं शाळांमध्ये, पतपेढ्यांमध्ये अशी मशीनं अजून धूळ खात आहेत. दुसरं, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी आर जळून बंद झाली की तिच्यात व्हायरस शिरू शकत नाही. पेनड्राइव्हचं काय होतं ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, घरी येईपर्यंत आतल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. बिघडलेल्या मशीनला हात घालताना हातात स्वच्छ वस्तू असावी. तिसरं, पेनड्राइव्ह कोणीतरी मागून नेतो आणि त्यावर लग्नाचा व्हिडिओ भरून परत आणतो. डिस्क कोणी मागत नाही.

आता मापं बघा, कारण निम्मे लोक इथंच अडकतात. सीडीत ७०० एमबी मावतात. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोजच्या हिशोबात ती ४.३८ जीबीच भरते, म्हणून साडेचार जीबीची फाईल तिच्यात जात नाही. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं, पण ती महाग आणि आपल्याकडं सहज मिळत नाही, कल्याणला शोधा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. विंडोज १० ची शेवटची इमेज साडेपाच जीबीच्या पुढं आहे, विंडोज ११ ची पण तशीच मोठी. त्या साध्या डीव्हीडीत बसणार नाहीत, त्यांना आठ जीबीचा पेनड्राइव्हच हवा. लिनक्स मिंटची इमेज मात्र तीन जीबीच्या आत आहे, आरामात बसते. डेबियनची छोटी इमेज पण साध्या डीव्हीडीत मावते, पण ती बाकीचा माल इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून ओढते.

कुठली इमेज घ्यायची

जुन्या कॉम्प्युटरसाठी मी लिनक्स मिंट सांगतो. विंडोज वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, बाकी सगळं ओळखीचं. दोन जीबी रॅमवर उठते, चार जीबी असेल तर बरं चालते. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर मिंटच्या नेहमीच्या आवृत्त्या त्यावर चालणार नाहीत. त्यासाठी अँटीएक्स किंवा डेबियन १२ बघा. डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलं आहे. आपल्या सरकारी सीडॅकने, जिचं मुख्यालय पुण्यात आहे, डेबियनवरच 'बॉस' नावाची सिस्टीम तयार केलेली आहे. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे आणि शाळांसाठी 'एज्युबॉस' ही वेगळी आवृत्ती निघाली होती.

या सगळ्या मोफत आहेत, आणि मोफत म्हणजे चोरीच्या नव्हेत. त्यांच्या परवान्यातच लिहिलं आहे की प्रती काढा, वाटा. तुम्ही दहा डिस्क जाळून गावात दिल्यात तर कुणाची हरकत नाही. विंडोजचं तसं नाही. इमेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवता येते, पण वापरायला किल्ली म्हणजे प्रॉडक्ट की लागते. ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज ८ किंवा १० आली होती, त्याची किल्ली बहुतेक करून मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती परत टाकली तर इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप चालू होते. म्हणजे स्वतःची खरी विंडोज घरात असताना आपण पैसे देऊन नकली टाकून घेतो, असं पण होतं.

नकलीचा त्रास वेगळा. तिच्यात आधीच कुणी काय घालून ठेवलं आहे ते दिसत नाही, आणि पुष्कळदा अपडेट मुद्दाम बंद केलेले असतात. अपडेट नसले की काय होतं ते २०१७ मध्ये जगाने पाहिलं. मे महिन्यात वॉनाक्राय आला, जूनच्या शेवटी नॉटपेट्या. त्या दुसऱ्याने आपल्या इथल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या बचत गटाच्या हिशोबाचं काय?

म्हणून इमेज फक्त त्या-त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. टेलिग्रामवर कुणी 'सुपर लाईट विंडोज' पाठवली तर ती उघडू पण नका.

डाऊनलोड मोबाईलवर केलं तरी चालतं. आमच्याकडं रात्री नेट बरं असतं, तीन जीबी झोपायच्या आधी लावून द्यायचे. फाईल नंतर केबलने कॉम्प्युटरवर टाकायची. मेमरी कार्डवरून नेणार असाल तर एक अडचण येऊ शकते. बरीच कार्डं आणि पेनड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीचे असतात, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल जातच नाही, जागा मोकळी असली तरी. विंडोजची इमेज तिथं अडकते. मिंटची जाते.

आणि डाऊनलोड झाल्यावर फाईल तपासा. हे कोणी करत नाही आणि मग सगळे रडतात. नेट मध्येच तुटलं, फाईल शेवटी जरा खराब झाली, तर डिस्क जळेल, बूट पण होईल, आणि इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर जाऊन थांबेल. तोपर्यंत जुनं पुसलं गेलेलं असेल. साइटवर इमेजसोबत एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षर-आकड्यांचा एक लांब क्रमांक दिलेला असतो. फाईलमधला एक कण जरी बदलला तरी तो क्रमांक पूर्ण बदलतो. कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम असेल तर फाईलवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचए या मेनूत जा आणि एसएचए-२५६ निवडा, क्रमांक समोर येईल. सगळा जुळवत बसायचा कंटाळा आला तर निदान पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळवा. जुळली नाहीत तर फाईल टाकून द्या, परत उतरवा.

डिस्क जाळताना

डीव्हीडी रायटर असलेला कोणताही चालू कॉम्प्युटर लागेल. नवीन लॅपटॉपला तो नसतो, पण यूएसबीने जोडायचा बाहेरचा मिळतो. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

कोरी डीव्हीडी घातली की विंडोज विचारते, ही डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेयरसाठी? दोन्हीपैकी काहीच निवडू नका. ती खिडकी सरळ बंद करा. मग आयएसओ फाईलवर राइट क्लिक करा आणि 'बर्न डिस्क इमेज' निवडा. विंडोज ७ पासून ही सोय आतच आहे, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. हा पर्याय दिसला नाही तर घाबरू नका. विनरार किंवा सेव्हन-झिपने ती फाईल आपल्या नावावर करून घेतलेली असते. तेव्हा 'ओपन विथ' मध्ये जाऊन 'विंडोज डिस्क इमेज बर्नर' निवडायचं. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात 'व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग' असा चौकोन आहे, त्यावर खूण करा आणि बर्न दाबा. जाळून झाल्यावर मशीन डिस्क परत वाचून खात्री करतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण लागू दे.

वेग कमी ठेवलेला बरा. विंडोजच्या या खिडकीत वेग निवडता येत नाही, त्यासाठी इमगबर्न हा मोफत प्रोग्रॅम वापरा. ४ एक्स वेगाने तीन जीबी साधारण नऊ-दहा मिनिटांत जळतात. १६ एक्सने लवकर होतं, पण जुना रायटर आणि स्वस्तातली डिस्क असली की कडेचा भाग नीट जळत नाही. जळणं हा शब्द खराच आहे, बरं का. लेझरच्या उष्णतेने डिस्कमधल्या रंगाच्या थरावर बारीक डाग पडतात, त्या डागांतूनच सगळं वाचलं जातं. एकदा पडलेला डाग निघत नाही, म्हणून चुकलेली डीव्हीडी आर परत वापरता येत नाही. शिकत असाल तर पहिली एक डीव्हीडी आरडब्ल्यू घ्या, ती पुसून परत लिहिता येते.

जळत असताना मशीनवर दुसरं काही करू नका. आणि लाईटचं बघा. पावसाळ्यात आमच्याकडं ढग गडगडला की लाईट जाते. अर्ध्यावर लाईट गेली की डिस्क गेली. इन्व्हर्टर नसेल तर हे काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच करा.

झालेली डिस्क उघडून बघा. आत एकच आयएसओ फाईल दिसली तर पोतं शिवलेलंच राहिलं. पुष्कळ फोल्डर दिसले, तर डिस्कचं नाव बघा. बरोबर जळलेल्या डिस्कवर त्या सिस्टीमचं नाव येतं, लिनक्स मिंट वगैरे. फाईल कॉपी करून केलेल्या डिस्कवर विंडोज बहुतेक वेळा त्या दिवसाची तारीख नाव म्हणून टाकते. तारीख दिसली की समजायचं, फसलो.

आधी माल बाहेर काढा, मग इन्स्टॉल

आता खरं काम. डिस्क बिघडलेल्या मशीनमध्ये घाला, बंद करून चालू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ-१२, एचपीला एस्केप आणि मग एफ-९, आसुसच्या डेस्कटॉपला एफ-८. मेनू आला की डीव्हीडी निवडा. विंडोजची डिस्क असेल तर पडद्यावर 'कोणतंही बटण दाबा' अशी इंग्रजीत ओळ काही सेकंदच येते. ती हुकली की हार्डडिस्कच चालू होते आणि माणूस म्हणतो, डिस्क खराब आहे.

मिंट पहिल्यांदा काहीच इन्स्टॉल करत नाही. ती डिस्कवरूनच, रॅममध्ये चालू होते, हार्डडिस्कला धक्का न लावता. याला लाइव्ह म्हणतात. डीव्हीडीवरून उठायला पाच-सात मिनिटं पण लागतात, गरगर आवाज येतो, तेव्हा चहा टाका. उठली की फाईल मॅनेजर उघडा. तुमचा सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह तिथं दिसतील. दुसरा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क जोडा आणि सगळं कॉपी करून घ्या. फोटो, सातबाराचे पीडीएफ, गटाचे हिशोब, पोरांचे दाखले. डेस्कटॉप आणि डाऊनलोड हे फोल्डर लोक हमखास विसरतात. ते सी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या आत असतात.

दोन अडथळे येऊ शकतात. विंडोज १० मध्ये बंद करताना मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. त्यामुळे लाइव्ह डिस्कवरून ड्राइव्ह फक्त वाचता येतो किंवा उघडायला कुरकुर करतो. विंडोज अजून उठत असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. तुम्हाला कॉपीच करायचं असेल तर नुसतं वाचता आलं तरी पुरतं. दुसरा अडथळा बिटलॉकर. काही नवीन लॅपटॉपवर हार्डडिस्क कुलूपबंद असते. तिला ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते, ती बहुधा लॅपटॉप चालू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन धडधाकट असतानाच ती लिहून ठेवा.

माल बाहेर आला, उघडून बघितला, मगच पुढचा विचार. लाइव्हमध्येच वाय-फाय चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, तपासा. जे लाइव्हमध्ये चालतं ते इन्स्टॉल केल्यावर सहसा चालतं. आवडलं नाही तर डिस्क काढा, मशीन बंद करून चालू करा, सगळं पूर्वीसारखं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळ्यांनी विंडोज काढून लिनक्स टाकावी असं मी म्हणत नाही. ज्यांचं दुकान टॅलीवर चालतं, ज्यांच्या पत्रिका श्रीलिपीत बनतात, ज्यांचं सेवा केंद्र अंगठ्याच्या मशीनवर आणि डिजिटल सहीवर आहे, त्यांनी त्या कामाचा कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवावा. पण घरी ज्याच्यावर फक्त सातबारा बघायचा, फॉर्म भरायचे, पोरांनी यूट्यूबवर शिकायचं, मराठीत टाईप करायचं, त्या मशीनला मिंट भरपूर झाली. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड तिच्यात आहे, फायरफॉक्स आहे, लिब्रेऑफिस आहे.

ही डिस्कची गोष्ट आपल्या भागाला नवी पण नाही. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिक अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायचं. पुढे उबुंटूवाले नुसती मागणी केली की सीडी जगात कुठंही पोस्टाने फुकट पाठवायचे. ते २०११ मध्ये थांबलं. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वाडीवरच्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्यात लिनक्सच होती. आणि शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा तर डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. ज्यांना वाचून नव्हे तर बघून समजतं, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस अशा विषयांवर दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, कित्येक मराठीत, फुकट. वाशिंदहून कसारा लोकल पकडली की आसनगाव यायच्या आत अर्धा व्हिडिओ होतो.

डिस्क जपायची पद्धत पण सांगून ठेवतो. नाव लिहायचं ते वरच्या बाजूला, मार्करने. बॉलपेनने दाबून लिहू नका, सीडीचा माल छापील बाजूच्या अगदी खाली असतो, चरा पडला की गेला. उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. पुसायची झाली तर मऊ कपड्याने मधून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसा, गोल फिरवू नका. आपल्या पावसात कपाटात बुरशी धरते, म्हणून कव्हरसकट प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, आणि वर्षातून एकदा, गणपतीच्या साफसफाईला, घालून बघा उठते का. न उठली तर दुसरी जाळा.

चुकलेल्या डिस्क मात्र फेकू नका. भोकातून दोरी ओवून भेंडीच्या वाफ्यावर टांगा. उन्हात त्या चमकतात, वाऱ्यावर फिरतात, पाखरं जवळ येत नाहीत. माझ्या भेंडीवर आत्ता सात आहेत. त्यातल्या तीन मी स्वतः फाईल कॉपी करून बिघडवलेल्या.